धोका सांगावा की बंदी घालावी?

न्यू हॅम्पशायर हे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातले एक लहानसे राज्य. आपल्या वर्तमानपत्रांत त्याचे नाव एरवी येते ते चार वर्षांतून एकदा, अध्यक्षपदाच्या उमेदवारांची प्राथमिक निवडणूक तिथे होते तेव्हा. परंतु या राज्यात एक डोंगर आहे आणि त्या डोंगराला एक घळ आहे. सरकारने नागरिकांना किती सांभाळावे आणि नागरिकांनी स्वतःला किती सांभाळावे, या प्रश्नाचा अभ्यास करायचा असेल तर त्या घळीइतकी चांगली पाठशाळा मी तरी पाहिलेली नाही. आपल्याकडे दर पावसाळ्यात धबधब्यांवर आणि गडांवर मनाई हुकूम निघतात, तेव्हा मला हटकून या घळीची आठवण होते. म्हणून आज वाचकांना जरा दूर नेण्याची परवानगी घेतो.

डोंगराचे नाव माउंट वॉशिंग्टन. उंची ६२८८ फूट, म्हणजे सुमारे १९१७ मीटर. आपले कळसूबाई १६४६ मीटर. तेव्हा फरक पावणेतीनशे मीटरचासुद्धा नाही. हिमालयाच्या गप्पा मारणाऱ्यांना ही उंची टेकडीसारखी वाटेल. तथापि तिथे वारा असा वाहतो की, १२ एप्रिल १९३४ रोजी शिखरावरच्या वेधशाळेने ताशी २३१ मैल, म्हणजे सुमारे ३७२ किलोमीटर वेगाची नोंद केली. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियाजवळच्या बॅरो बेटावर एका चक्रीवादळात याहून मोठा आकडा नोंदला जाईपर्यंत जगात तो उच्चांक होता. १८४९ पासून या डोंगरावर आणि त्याच्या आसपास दीडशेहून अधिक माणसे दगावली आहेत. उंची हा डोंगराच्या स्वभावाचा खात्रीचा दाखला नव्हे, एवढे यावरून कळावे.

याच डोंगराच्या आग्नेय अंगाला हिमनदीने कोरलेली एक खोल, वाटीसारखी घळ आहे. एडवर्ड टकरमन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञावरून तिला टकरमन रॅव्हिन म्हणतात. हिवाळाभर वायव्येकडून येणारा वारा माथ्यावरच्या मोकळ्या पठारांचा बर्फ खरवडून काढतो आणि आडोशाच्या या घळीत आणून टाकतो. केरसुणीने अंगण झाडून केर कोपऱ्यात लोटावा, तसे हे काम चालते. कुठे कुठे बर्फाची जाडी पन्नास फुटांपर्यंत जाते. त्यामुळे खाली दरीत झाडांना पालवी फुटलेली असते, तेव्हाही घळीत बर्फ भरलेला असतो. आणि मग एप्रिल-मे महिन्यांत, शनिवार-रविवारी, हजारो माणसे पाठीवर स्की बांधून तिथे चालत जातात.

चालत, हे मुद्दाम लिहिले. या घळीत पाळणा नाही, तिकीट नाही, आखून-दाबून तयार केलेला उतार नाही. पिंकहॅम नॉच या खिंडीत गाडी ठेवायची, सुमारे अडीच मैल जंगलातली वाट चढून हर्मिट लेकपर्यंत जायचे आणि तिथून पुढे घळीत शिरायचे. घळीच्या मागच्या भिंतीला हेडवॉल म्हणतात. तिचा उतार ४० अंशांपासून ५० अंशांच्याही पुढे जातो. बर्फात बुटाने पायऱ्या खोदत वर जायचे आणि दोन-तीन मिनिटांत खाली यायचे. तासाभराच्या चढणीसाठी दोन मिनिटांचे सुख! हिशेबी माणसाला हा व्यवहार पटणार नाही. पण आषाढात भिजत, चिखल तुडवत राजमाची गाठणाऱ्या आपल्या मुलांना तो लगेच पटेल.

हा नाद जुना आहे. हेडवॉलवरून स्कीने प्रथम उतरले ते डार्टमथ कॉलेजचे दोघे जण, ११ एप्रिल १९३१ रोजी. पुढे शिखरापासून खिंडीपर्यंत सुमारे चार मैलांची एक शर्यतच सुरू झाली. तिचे नाव ‘अमेरिकन इन्फर्नो’, आणि ती १९३३, १९३४ आणि १९३९ अशी तीनच वेळा झाली. १९३९ मध्ये टोनी मॅट नावाच्या १९ वर्षांच्या ऑस्ट्रियन तरुणाने हेडवॉल एकही वळण न घेता सरळ खाली घेतली आणि साडेसहा मिनिटांत शर्यत संपवली. १९३४ चा विजेता साडेबारा मिनिटांनी पोचला होता. गंमत अशी की, वळणे घेण्याचा मॅटचा बेत होता. आपण नेमके कुठे आहोत याचा अंदाज चुकल्याने तो सरळ गेला. तो वाचला म्हणून ती दंतकथा झाली. न वाचणाऱ्यांच्या दंतकथा होत नाहीत, हे अशा गोष्टी ऐकताना लक्षात ठेवलेले बरे.

मी स्वतः स्की करीत नाही. माझा भाचा बोस्टनला नोकरीला आहे, त्याच्याबरोबर एप्रिलअखेरीच्या एका शनिवारी मी हर्मिट लेकपर्यंत चालत गेलो होतो. सकाळी सातला खिंडीतले वाहनतळ भरून गेले होते. विशीतली मुले होती, तशी साठीची जोडपीही होती. शाळकरी मुलांना घेऊन आलेले आईबापही होते. मला नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. निघण्यापूर्वी बहुतेक जण एका फलकापुढे थांबत होते आणि परीक्षेचा निकाल पाहावा तसे त्यावरचा कागद वाचत होते. तो त्या दिवसाचा हिमस्खलनाचा अंदाज होता.

हा अंदाज अमेरिकेच्या वनसेवेचे माउंट वॉशिंग्टन हिमस्खलन केंद्र हंगामात रोज सकाळी काढते. वनसेवेचे ‘स्नो रेंजर’ १९५० च्या दशकाच्या आरंभापासून इथे हे काम करीत आले आहेत. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात: कमी, मध्यम, लक्षणीय, जास्त आणि पराकोटीचा. पण नुसता रंग दाखवून केंद्र थांबत नाही. कोणत्या दिशेच्या उतारावर, किती उंचीवर, कशामुळे आणि साधारण कोणत्या वेळी धोका आहे, हे ते साध्या भाषेत सांगते. वसंतात तर हिमस्खलनाशिवाय आणखी धोके असतात. हेडवॉलच्या खडकांवर हिवाळ्यात गोठलेले, मोटारीएवढे बर्फाचे ढेप सैल होऊन कोसळतात. बर्फाखालून वाहणारे ओढे वरचे छत आतून पोखरतात आणि माणूस त्यातून थेट थंडगार पाण्यात जातो. भिंतीपासून बर्फ सुटून खोल भेगा पडतात. हे सगळे त्या कागदावर नावानिशी असते.

वसंतातल्या या बर्फाचे तंत्रही समजून घेण्यासारखे आहे. दिवसा ऊन लागून वरचा थर वितळतो, रात्री पुन्हा गोठतो. असे अनेक दिवस झाले की बर्फाचे जाड, गोल दाणे तयार होतात. अमेरिकन लोक त्याला मक्याचा बर्फ म्हणतात. मला तो भिजवून निथळत ठेवलेल्या साबुदाण्यासारखा वाटला. सकाळी हा थर फरशीसारखा टणक असतो आणि त्यावर पाय घसरला तर थांबायला आधार नसतो. उन्हे वर आली की तो वरून दोन-तीन इंच मऊ होतो. स्की करणाऱ्यांचा सुखाचा काळ तोच. त्यापुढे फार वितळला तर ओला बर्फ सरकू लागतो. आणि घळीचे तोंड पूर्वेकडे असल्याने दुपार कलली की तिच्यात सावली येते आणि पाहता पाहता साबुदाण्याची पुन्हा फरशी होते. म्हणजे एकच उतार एकाच दिवसात तीन वेगळे अवतार घेतो. ‘हा उतार सुरक्षित आहे काय?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘आता, या घटकेला आहे काय?’ एवढेच विचारता येते.

भाच्याने सकाळी दक्षिणेचे ऊन आधी खाणारी उजवी घळई, ‘राइट गली’, दोनदा केली. दुपारी पलीकडची ‘लेफ्ट गली’ करायचा त्याचा बेत होता. तो निम्म्या चढावरून परत आला. सावली पुढे सरकत होती आणि पायाखालचा बर्फ आवाज बदलू लागला होता, असे त्याचे म्हणणे. मी विचारले, “तुला कुणी अडवले का रे?” तो म्हणाला, “नाही मामा. इथे अडवायला कुणी नसते, म्हणून तर आपले आपण थांबावे लागते.” त्याच्यासमोरून दोघे-तिघे वर गेले आणि सुखरूप उतरलेही. त्याचा निर्णय बरोबर की त्यांचा, हे सांगता येणार नाही. पण निर्णय घेण्यासाठी लागणारी माहिती सर्वांकडे सारखीच होती, हे मला महत्त्वाचे वाटले.

याचा अर्थ तिथे बंदी अजिबात नाही असा कुणी करू नये. वसंत पुढे सरकला आणि भेगा उघड्या पडल्या की, लंच रॉक्स नावाच्या खडकांपासून वरच्या एका फाट्यापर्यंतचा वाटेचा तुकडा वनसेवा बंद करते. मात्र बंदी तेवढ्याच तुकड्यावर, तेवढ्याच दिवसांपुरती आणि कारण सांगून असते. बाकीची घळ उघडी राहते. त्यामुळे लोक ती बंदी मानतात. जिथे सगळेच बंद असते, तिथे खरे धोक्याचे ठिकाण कोणते हे कळायला मार्ग राहत नाही, आणि मग सगळेच उघडे आहे असे समजून लोक वागू लागतात.

आता पैशाचा प्रश्न. न्यू हॅम्पशायरमध्ये डोंगरात अडकलेल्यांना सोडवण्याची मुख्य जबाबदारी राज्याच्या मत्स्य व वन्यजीव खात्याची आहे. त्याच्या बचावनिधीत नावा आणि बर्फावरच्या गाड्या यांच्या नोंदणीमागे एकेक डॉलर जमा होतो. गिर्यारोहकांकडून मात्र काहीच येत नसे. म्हणून कायदा करण्यात आला की, जो निष्काळजीपणाने संकटात सापडेल त्याच्याकडून बचावाचा खर्च वसूल करावा. २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एका गिर्यारोहकाविरुद्धचे सुमारे ९२०० डॉलरचे बिल कायम केले. त्याच वर्षी एक ऐच्छिक कार्डही निघाले. माणशी २५ किंवा कुटुंबामागे ३५ डॉलर वर्षाला भरले की, निष्काळजीपणा झाला तरी बिल येत नाही. जाणूनबुजून केलेल्या बेदरकारपणाला मात्र ते कार्ड उपयोगी पडत नाही.

ही व्यवस्था सर्वांना मान्य आहे असे नाही. अमेरिकेतील डोंगरी बचावपथकांची संघटना, माउंटन रेस्क्यू असोसिएशन, अशा वसुलीच्या विरोधात आहे. बिलाच्या धास्तीने माणूस मदत मागायला उशीर करतो आणि दिवसाउजेडी सोपे असलेले काम रात्री अवघड होते, असा तिचा युक्तिवाद आहे. तो सहज उडवून लावण्यासारखा नाही.

शिवाय माहिती दिली म्हणजे मृत्यू थांबतात, असेही नाही. ९ मार्च २०२४ च्या शनिवारी याच घळीत एकामागून एक अपघात झाले. बर्फ कठीण होता, लांबवर घसरत जाण्याचा धोका अंदाजात सांगितलेला होता. तरीही माणसे गेली आणि त्यांतली एक तरुणी शेकडो फूट घसरून मरण पावली. कागद वाचणे वेगळे आणि त्यातला शब्द आपल्याला लागू आहे असे मानणे वेगळे. शनिवार एकच असतो, दूरवरून गाडी हाकत आलेले असतो, बरोबरचे सगळे वर निघालेले असतात; अशा वेळी मागे फिरणे मनाला जड जाते. हे माणसाच्या स्वभावातच आहे, अमेरिकेत काय आणि आंबोलीत काय.

या पद्धतीची दुसरी कमजोरी अलीकडे उघडी पडली. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या नोकरकपातीत वनसेवेच्या सुमारे २००० परिविक्षाधीन कर्मचाऱ्यांना देशभर एका फटक्यात कमी करण्यात आले. वाद झाले, आदेश निघाले, अनेकांना परतही घ्यावे लागले. पण एक गोष्ट स्पष्ट झाली. ‘नागरिकाला प्रौढ समजा, निर्णय त्याच्यावर सोडा’ हे तत्त्व ऐकायला फुकट वाटते, तसे ते नाही. त्यासाठी रोज पहाटे बर्फ तपासणारा पगारी माणूस लागतो. तो काढून टाकला तर स्वातंत्र्य उरत नाही, नुसता वाऱ्यावर सोडलेला माणूस उरतो.

आपल्या देशात बर्फाच्या बाबतीत हे ज्ञान नाही असे नव्हे. संरक्षण संशोधन संस्थेची चंदीगडची शाखा हिमालयासाठी हिमस्खलनाचे इशारे देते. तरीही गुलमर्गजवळ अफरवतच्या उतारांवर १ फेब्रुवारी २०२३ रोजी दोन पोलिश स्कीपटू आणि २२ फेब्रुवारी २०२४ रोजी, खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा चालू असताना, एक रशियन स्कीपटू हिमस्खलनात दगावले. इशारा असणे आणि तो पाळणाऱ्या-पाळवणाऱ्यांची साखळी असणे, यांत अंतर आहे.

आणि सह्याद्रीत? ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या प्रवाहात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्याच जुलैत रायगड जिल्ह्यात कुंभे धबधब्याजवळ चित्रफीत घेताना एक तरुणी दरीत कोसळली. १५ जून २०२५ रोजी इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळून चौघांचे प्राण गेले. आपली प्रतिक्रिया ठरलेली असते: मनाई हुकूम. पूर्वी तो कलम १४४ खाली निघे, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. कलम बदलले, फलकाचा रंग बदलला नाही. हुकूम काढायला एक सही लागते आणि अंमलबजावणीला शंभर पोलीस, ते नसतात. मग पोलीस चौकीला वळसा घालून आडवाटेने जाणारे वाढतात, म्हणजे धोका कमी होण्याऐवजी नजरेआड जातो.

हवामान खात्याचे हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल हे इशारे आता घराघरांत ठाऊक झाले आहेत. घाटमाथ्यासाठी वेगळा इशारा देण्यापर्यंत मजल गेली आहे. परंतु घाटमाथा केवढा आणि धबधब्याची कुंडी केवढी! वर पाऊस पडल्यावर अमुक ओढ्याला किती वेळात पाणी चढते, कोणता कातळ शेवाळलेला आहे, कोणत्या कड्यावरून दगड सुटत आहेत, ही माहिती गावातल्या गुराख्याला असते, फलकावर नसते. खोपोलीचे यशवंती हायकर्स, लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र अशा संस्थांचे कार्यकर्ते रात्री-अपरात्री दरीत उतरून माणसे आणतात. कधी जिवंत, पुष्कळदा नाही. अपघातानंतर त्यांना बोलावणे जाते. अपघातापूर्वी, सकाळी सातला, त्यांचा शब्द फलकावर का लागू नये?

काही जण म्हणतील, न्यू हॅम्पशायरप्रमाणे आपणही बिल लावा, म्हणजे लोक ताळ्यावर येतील. मला हा क्रम उलटा वाटतो. कुंडमळ्याचा पूल धोकादायक आहे हे ठाऊक असताना तो उभा राहिला, ही नागरिकांची नव्हे, व्यवस्थेची हयगय होती. ज्या सरकारने आपल्या वाटणीचे काम केलेले नाही, त्याला नागरिकाच्या निष्काळजीपणाचे बिल फाडण्याचा नैतिक अधिकार पोचत नाही. आधी रोजची, त्या जागेपुरती, साध्या मराठीतली माहिती; मग नेमक्या तुकड्यावर, नेमक्या दिवसांची, कारणासह बंदी; आणि त्यानंतर जबाबदारीची भाषा. टकरमन घळीने मला शिकवले ते एवढेच.

हे सगळीकडे एकदम होणार नाही हे उघड आहे. पण गर्दीची दहा ठिकाणे निवडून, चार महिन्यांसाठी, प्रत्येक ठिकाणी गावातलेच दोघे जाणकार मानधनावर नेमायला जिल्हा प्रशासनाला फार मोठी तिजोरी लागणार नाही. रोज सकाळी त्यांनी ओढा पाहावा, खडूने फलकावर पाच ओळी लिहाव्यात आणि दुपारी पाणी वाढले तर त्या पुसून नव्या लिहाव्यात. येणाऱ्यांकडून वाहनतळाचे पैसे आजही कुणी ना कुणी घेतच असतो. त्यांतून हा खर्च सहज निघेल.

तोवर येत्या पावसाळ्यात मुलाबाळांना घेऊन निघणाऱ्या कुटुंबांनी निदान स्वतःपुरता एक नियम करावा. गावात पोचल्यावर पहिल्या टपरीवर चहा घ्यावा आणि विचारावे, “काल रात्री वर पाऊस किती झाला? पाणी कसे आहे?” उत्तर मनासारखे नसेल तर भजी खाऊन परत यावे. धबधबा पुढच्या रविवारीही तिथेच असतो.